आमचा बर्की पंप

आपाची आणि माझी पहिली भेट घाटात झाली, गाडी बंद पडली म्हणून.

वैशाखातली दुपार होती. मी माहेरी दौलताबादला आले होते आणि तिथून खुलताबादला मावशीच्या घरी बारशाला निघाले होते. मोटार आमच्या यांचीच. औरंगाबाद स्टेशनापासून खुलताबाद आणि पुढं वेरूळ अशी हे सवाऱ्यांची मोटार चालवायचे. मालक हेच, ड्रायव्हर हेच, गाडीखाली शिरणारे मिस्त्रीही हेच. हर्सूलच्या शेतकऱ्याच्या घरातला हा एकच माणूस बैल सोडून इंजिनाच्या नादी लागला होता, आणि सासरे त्याबद्दल चारचौघांत मला बोल लावायचे, जसं काही मीच यांना ती मोटार आंदण दिली होती.

दौलताबाद सुटलं की चढ लागतो. निम्म्या चढावर गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. यांनी ब्रेक दाबला, उडी मारली, मागच्या चाकाला दगड लावला आणि ओरडले, "उतरा समदे. बायाबी उतरा."

हे रोजचंच होतं. त्या वेळच्या मोटारींत पेट्रोलची टाकी मागं आणि खाली असायची. इंजिन आपल्याच श्वासानं ते पेट्रोल वर ओढून घ्यायचं. सपाटीवर ठीक चालायचं. चढावर इंजिनाला जोर लावला की त्याचा श्वास अपुरा पडायचा आणि पेट्रोल पोचायचं नाही. उन्हाळ्यात तर नळीतल्या पेट्रोलची वाफच होऊन बसायची. मग नळीवर ओली फडकी टाकायची आणि वाट बघत बसायचं. मला हे तेव्हा काही कळत नव्हतं. पुढं इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं.

आम्ही बायका लिंबाखाली बसलो. माझ्याशेजारी एक बुरखेवाली होती. पुरुष सगळे पुढं गेलेले बघून तिनं तोंडावरचा पडदा मागं टाकला आणि सुरई माझ्यापुढं केली. "पी गं. नवी दुलन दिसतीस."

लग्नाला माझ्या तशी बरीच वर्षं झाली होती, पण तिनं त्या दिवशी जे दुलन म्हटलं ते कायमचं. मी तिला आपा म्हणू लागले. तिचा नवरा सरकारी शाळेत सायन्सचा मास्तर होता. खुलताबादच्या दर्ग्याला निघाली होती दोघं. मास्तरांनी शेरवानी काढून आपाच्या मांडीवर टाकली होती आणि ते बाह्या वर करून यांच्याजवळ बॉनेटपाशी उभे होते.

"पीछे से कोई पेट्रोल कू धकेले तो?" मास्तरांनी विचारलं.

हे वैतागलेले. "ढकलणार कोन मास्तर? तुमी बसता का टाकीपाशी?"

"मैं नहीं. बिजली बैठेगी."

यांनी हातातलं फडकं तसंच धरलं आणि मास्तरांकडं बघत राहिले. मला ते बघणं आठवतं, कारण माझ्याकडं त्यांनी कधी तसं बघितलं नव्हतं. आपा हसून म्हणाली, "गया तेरा आदमी. मेरा तो कब का गया."

मास्तरांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं निघालं. खाम नदीच्या अलीकडं आम्ही भाड्यानं राहायचो. पुढं मोटारीची पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या आणि अंगण. त्या दिवसापासून शाळा सुटली की मास्तर आमच्या शेडीत असायचे. शाळा उर्दूतून, त्यामुळं मास्तरांचं सगळं सायन्सही उर्दूतलं. विजेला ते बर्क म्हणायचे. म्हणून त्यांच्या डोक्यातल्या त्या वस्तूचं नाव पडलं बर्की पंप. असले पंप परदेशी मोटारींत आलेत असं मास्तरांनी वाचलं होतं. स्टेशनावरच्या एका गाडीतला जळका पंप यांनी मागून आणला, तो दोघांनी खोलून बघितला आणि मग आपला वेगळा करायला घेतला.

पहिला पंप तयार झाला तेव्हा यांनी मला शेडीत बोलावून दाखवला. मोठ्या तपकिरीच्या डबीएवढा लोखंडी डबा. आत तारेची गुंडाळी, तिच्यासमोर लोखंडाची चकती, चकतीला चिकटलेला कातड्याचा पडदा आणि त्यामागं स्प्रिंग. तारेतून वीज गेली की चकती ओढली जायची आणि टाकीतलं पेट्रोल आत यायचं. वीज तुटली की पडदा परत फिरायचा आणि पेट्रोल पुढं जायचं. बटन दाबलं की टकटक टकटक असा आवाज यायचा. हे लहान पोरासारखे हसले.

संध्याकाळी गाडी घरी आली ती मिणमिणत्या दिव्यांनी. सकाळी हँडल मारून मारून यांचे खांदे भरून आले.

"बॅटरी खाऊन टाकली याच्या मायला," हे म्हणाले.

मास्तर शांत होते. "पंप चलाना मुश्किल नहीं भाई. थोड़ी बर्क में चलाना मुश्किल है."

पुढची दोन-अडीच वर्षं त्या एका वाक्यामागं गेली.

तारेची गुंडाळी करायचं काम आम्हा दोघींकडं कसं आलं ते सांगते. जाड तार असली की वीज भसाभसा जायची. बारीक तार घेऊन तिचे पुष्कळ वेढे घातले तर थोड्या विजेत तेवढीच ओढ मिळायची. पण यांची बोटं रेंच धरणारी. बारीक तार तुटायची, एकावर एक चढायची, आणि डबीत जागा पुरायची नाही. ती तार मुंबईहून यायची, निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी अडकून पडायची. एक रीळ मिळायला महिना लागायचा आणि हे ती दुपारभरात वाया घालवायचे. आपाच्या माहेरी हिमरूचं कापड विणायचे. रेशमाच्या कांड्या भरतच ती मोठी झालेली. एकदा मागच्या दारातून तिनं तो गुंता बघितला आणि मला म्हणाली, "दुलन, तुम्हारे घर में चरखा है ना?"

होता. सुताचा जुना चरखा. यांनी त्याच्या चातीला गुंडाळीची नळी बसवून दिली. मी चाक फिरवायची आणि आपा दोन बोटांतून तार सोडायची, वेढ्याला वेढा लागून. एक थर झाला की मध्ये पातळ कागद. दुपारची जेवणं उरकली की आपा मागच्या दारानं यायची आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही अंगणात बसायचो. तिची पोरं आणि माझी पोरगी तिथंच खेळायची. तार फिरताना बोलायला मनाई होती, कारण आपा मनात वेढे मोजायची. पण थर संपला की इतकं बोलायचो की पोरंसुद्धा थांबून बघायची. सासूबद्दल, बाळंतपणांबद्दल, तिच्या वडिलांच्या बंद पडलेल्या मागाबद्दल. मला सख्खी बहीण नव्हती. त्या अंगणात मिळाली.

गुंडाळी जमली तरी पडदा जमत नव्हता. कातडं पेट्रोलात कडक होऊन तडकायचं. सायकलची ट्यूब लावली तर ती फुगून लिबलिबीत व्हायची. मास्तर म्हणाले, कापड घेऊन त्यात पेट्रोल न शिरणारं काही तरी भरायला पाहिजे. आपानं माहेरून घट्ट विणीचं रेशीम आणलं. मास्तरांनी सुताराचा सरस ग्लिसरीनमध्ये शिजवला. आमच्या चुलीवर शिजवला हे वेगळं सांगायला नको. चार दिवस घरात त्याचा वास होता आणि माझी पोरगी भाकरी खाईना. वाटीच्या मापानं आम्ही गोल चकत्या कापल्या, एकावर एक चिकटवल्या, वरवंट्याखाली दाबल्या. तो पडदा महिनाभर पेट्रोलात ठेवला तरी तसाच मऊ राहिला.

आपा म्हणाली, "मेरे पड़दे से तेरा पड़दा मजबूत निकला गे."

शेवटची युक्ती दोघा पुरुषांनी मिळून काढली. कुणाला सुचली ते त्यांनाही सांगता यायचं नाही, मास्तर यांचं नाव घ्यायचे आणि हे मास्तरांचं. ती अशी की पेट्रोल ढकलायचं काम विजेनं करायचंच नाही. विजेनं फक्त पडदा एकदा ओढायचा, आणि ओढून झाल्याबरोबर खटका पडून वीज तुटली पाहिजे. ढकलायचं काम स्प्रिंगचं. इंजिनाला पेट्रोल नको असेल तर स्प्रिंग तिथंच दाबून थांबायची आणि वीज अजिबात लागायची नाही. त्यामुळं गाडी सुरू करायच्या आधी टकटक भराभर यायची, मग हळू, मग थांबायची. डबी भरली की गप्प.

त्यानंतरचा तिसरा वैशाख आला तेव्हा त्या पंपावर गाडी घाटात गेली. आपा आणि मी यांच्या पाठीमागच्या बाकावर होतो. मास्तर यांच्या शेजारी. गाडी खच्चून भरलेली. नेहमीच्या जागी आली तशी मी आपाचा हात घट्ट धरला. गाडी थांबली नाही. चढ चढली, वळण घेतलं, पुन्हा चढली आणि वर खुलताबादच्या वेशीतून आत गेली. मागं कुणीतरी म्हातारी म्हणाली, "आज उतरायला लावलं नाय वो ड्रायव्हरनं." कुणाला काही कळलं नव्हतं. आम्हा चौघांनाच ठाऊक. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरायचं निमित्त करून डोळे पुसले. रात्रीपर्यंत गाडी चालली आणि दिवे लख्ख होते.

त्यानंतर पाच-सहा गाडीवाल्यांनी यांच्याकडून पंप करून घेतले. अंगणात तारेचं काम वाढलं.

मग एका थंडीत मुंबईचे एक साहेब वेरूळ बघायला आले. मोटारींचं सामान विकणारी आणि थोडंफार बनवणारी त्यांची कंपनी होती. स्टेशनावरून यांच्या गाडीत बसले, सुरू करताना ती टकटक ऐकली आणि लगेच खाली उतरून हे काय आहे म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी वीज मोजायचं माप घेऊन आमच्या शेडीत आले. माप लावलं, पुन्हा लावलं. आमच्या पंपाला परदेशी पंपापेक्षा कमी वीज लागते असं त्यांनी इंग्रजीत म्हटलं आणि मास्तरांनी ते आम्हाला सांगितलं. चहा पिऊन, चौकशी करून साहेब गेले. आणखी दोन-तीन दिवस ते शहरात होते.

मुंबईला परत जायच्या दिवशी त्यांनी यांना स्टेशनावर बाजूला घेतलं. संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि चुलीपाशी येऊन बसले. चुलीपाशी ते कधी बसत नसत.

"मुंबईला बोलावलंय," ते म्हणाले. "कारखान्यात. असले पंप बनवायचे म्हनं. राहायला खोली देतेत."

माझी भाकरी तव्यावरच राहिली. "मग?"

"जागा एकच हाय. नाय म्हनून आलो."

"एकदम नाय?"

"मग काय तर. समदं डोकं मास्तरचं. मी गेलो तर त्यांचं डोकं चोरून नेल्यासारखं व्हईल." मग म्हणाले, "आन तू आपाला बोलू नको. बोललीस तर ती मास्तरला सांगंल, आन मास्तर मला हाकलून देतील. जा म्हनतील. त्यांचा सोभाव तुला ठाव हाय. आपल्यामुळं भाईचं नुकसान झालं हे जिवाला लावून घेतील."

मला त्यांचं म्हणणं पटलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. माझा नवरा असा आहे, हे मी मनाशी घोळवत राहिले. वाईटही वाटलं. मुंबई मी बघितली नव्हती, पण खोलीत नळ असतो असं ऐकलं होतं.

आपाला मी काही बोलले नाही. दुपारी ती आली, चरखा मांडला, तार लावली. नेहमीसारखंच सगळं. पण थर संपले तरी आमचं बोलणं आता लवकर संपायचं. मला वाटायचं, माझ्याच तोंडावर दिसतं की काय. एकदा तिनं तार सोडता सोडताच विचारलं, "दुलन, मुंबई कैसी होगी गे?"

 हिला कळलं, असं वाटलं. मी म्हणाले, "कशाला पाहिजे मुंबई? इथं काय कमी हाय आपल्याला?"

"हौ," ती म्हणाली. "यहाँ क्या कम है." आणि तिचे वेढे चुकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं थर उलगडून पुन्हा घातला.

दुसऱ्या एका दुपारी ती म्हणाली, "तेरा आदमी बड़ा आदमी होता, अगर..." आणि थांबली. मी अगर काय ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही काहीतरी सांगावं लागलं असतं. मी चाक जोरात फिरवलं.

त्या दुपारी मला अजून दिसतात. दोघी समोरासमोर, मध्ये ती केसासारखी तार.

पुढच्या वर्षी युद्ध लागलं. आमच्याकडं युद्ध म्हणजे आधी नुसती वर्तमानपत्रातली गोष्ट होती. मग पेट्रोल कुपनावर आलं, मग कुपनावरही मिळेना. मुंबईहून पंपाची तार यायची बंद झाली. शेवटी हुकूम निघाला आणि सवाऱ्यांच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीच्या मागं उभी भट्टी बसवायची, तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा आणि त्याचा धूर इंजिनाला द्यायचा. त्या गाडीला पेट्रोल जेमतेम सुरू करण्यापुरतं. पंपाचं काय काम?

यांनी स्वतःच्या हातानं पंप काढला. मास्तर शेजारी पाना धरून उभे होते.  मास्तरांनी फक्त एवढं म्हटलं, "अच्छा चला."

बाकीच्या गाडीवाल्यांनीही काढले. चरखा माळ्यावर गेला. आपा तरी यायची, पण हाताला काम नसताना दुपार लांब वाटायची. हे सकाळी भट्टी पेटवायचे आणि काळेठिक्कर होऊन घरी यायचे. खोकला लागला तो तेव्हाच. घाटात गाडी आता पुन्हा थांबू लागली होती, आणि पूर्वीपेक्षा जास्त. सवाऱ्या उतरायच्या, ढकलायच्या. एकदा माझ्यादेखत एक माणूस यांना म्हणाला, "तुमची गाडी मधी दोन-तीन वरीस बरी चालायची वो." हे नुसतं व्हय म्हणाले.

त्यातच तालीमात खात्याचा, म्हणजे शिक्षण खात्याचा, हुकूम आला. मास्तरांची बदली बीदरला.

स्टेशनावर पोचवायला आम्ही दोघं गेलो. पुरुष फलाटावर सामानापाशी उभे राहिले. आपा आणि मी बायकांच्या जनान्या खोलीत. खोलीत आणखी कुणी नव्हतं. आपानं पडदा मागं टाकला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "दुलन, एक बात छुपाई तेरे से. आज बोल देती. मेरेकू माफ कर."

"काय गं आपा?"

"वो मुंबई का साब आया था ना. इनकू बुलाए थे उनों. स्कूल में आ के बोले, चलो, एक जगह है. इनों नहीं बोल दिए. बोले, हाथ सब भाई के हैं, गाड़ी भाई की है, मैं अकेला गया तो भाई का हक मारा. मेरेकू कसम दिए, दुलन कू बोलना नक्को. भाई कू मालूम हुआ तो जबरदस्ती भेज देगा."

मी तिच्याकडं बघत राहिले.  तिला वाटलं मी रागावले. ती पुन्हा पुन्हा माफ कर म्हणायला लागली.

"आपा," मी म्हणाले, "यांनाबी बोलावलं हुतं."

"किन्नों?"

"त्याच साहेबानं. हितंच, स्टेशनावर. यांनीबी नाय म्हटलं. मास्तरसाठी. आन मलाबी हेच सांगितलं, आपाला बोलू नको."

आधी आम्हाला हसू आलं. खरंच हसलो, तोंडावर पदर धरून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. एकाच साहेबानं आधी मास्तरांना विचारलं, ते नाही म्हणाले म्हणून यांना विचारलं, आणि दोघांनी एकाच शब्दात नाही म्हटलं. आणि आम्ही दोघी, सगळं जग बोलून संपवणाऱ्या, तेवढी एक गोष्ट सोडून बोललो. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तर मास्तर यांना किंवा हे मास्तरांना घेऊन मुंबईला गेले असते, भांडून एक जागा दोघांनी वाटून घेतली असती, साहेबाचे पाय धरले असते. काहीतरी झालं असतं. हसता हसता आपा रडायला लागली आणि मग मीही.

"बोलना क्या दोनों कू?" तिनं विचारलं.

खिडकीतून दोघं दिसत होते. मास्तर हातवारे करून काहीतरी समजावत होते आणि हे मान हलवत होते. आता गाडी सुटणार होती. एवढ्या घाईत सांगायची ती गोष्ट नव्हती.

"मैं वहाँ जा के बोलती," आपा म्हणाली. "तू यहाँ बोल."

तसं ठरलं. गाडी सुटली. मास्तर दारात उभे राहून हात हलवत होते आणि आपा पलीकडच्या जनान्या डब्यात, तिचा हात तेवढा गजातून बाहेर होता.

मी यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. आधी त्यांना नीट कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं.

"मास्तर नाय म्हनले? माझ्यापायी?"

"व्हय."

"येडं हाय ते मास्तर," हे म्हणाले, आणि त्यांचं तोंड उजळलं. मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी त्यांना आनंद झाला होता. आपल्यावर कुणाचा इतका जीव आहे हे कळल्यावर होतो तसा. जेवताना मध्येच हसले. दुसऱ्या दिवशी मात्र भट्टी पेटवायला उठले ते शेडीच्या दारात बसून राहिले. गाडी त्या दिवशी निघाली नाही. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "दोघं गेलो असतो गं. एका खोलीत राह्यलो असतो दोन्ही घरं." चहा निवून गेला.

मग त्यांनी ठरवलं की बीदरला जायचं. पत्र लिहा, मी म्हटलं. यांना उर्दू लिहिता यायचं, आणि मास्तरांची कार्डं येतच होती. शाळा कशी आहे, हवा कशी आहे, पोरं कितवीत गेली. पण हे म्हणायचे, "असली गोष्ट कार्डावर लिव्हायची नसती. तोंडावर सांगीन. आधी शिवी दीन, मग सांगीन." मास्तरांच्या कार्डातही त्याबद्दल कधी एक अक्षर आलं नाही. आपानं सांगितलं की नाही, ते मला कळत नव्हतं. कदाचित मास्तरही तोंडावरच बोलायचं म्हणून थांबले असतील.

जाणं लांबत गेलं. एक वर्ष खोकल्यात गेलं. एक वर्ष गाडीचं इंजिन कामातून गेलं. युद्ध संपलं तर पुढं निजामाच्या राज्यातले दिवस बिघडले. लोक प्रवासाला भिऊ लागले, गावोगाव दारं दिवस मावळायच्या आत लागायची. हिंदू माणसानं इकडून तिकडं जायचं नाही, मुसलमान माणसानं तिकडून इकडं यायचं नाही, असं होऊन बसलं. त्या काळात कार्डंही थांबली.

निजामाचं राज्य गेलं, जरा निवांत झालं, तेव्हा आम्ही निघालो. परभणीला गाडी बदलली, परळीच्या पुढं रात्र झाली. यांनी नवा सदरा शिवला होता. मी आपासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. गाडीत बसल्या बसल्या हे मास्तरांना काय बोलायचं ते मला म्हणून दाखवत होते. शिवी कुठली द्यायची यावर दोन स्टेशनं गेली.

कार्डावरचा पत्ता धरून बीदरच्या किल्ल्याजवळची गल्ली सापडली. दारात दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मास्तर दोन पावसाळ्यांमागं तापानं गेले. बाई पोरांना घेऊन हैदराबादला बहिणीकडं गेली. कुठल्या मोहल्ल्यात, त्याला माहीत नव्हतं.

"आप उनके कौन?" त्यानं विचारलं.

हे वहाणा घालायला लागले. मी म्हणाले, "औरंगाबादचे."

"अच्छा, औरंगाबाद," म्हातारा म्हणाला. "वहाँ की बहुत बातां करते थे." कसल्या बाता ते मी विचारणार होते, पण हे उठून रस्त्याला लागले होते.

बांगड्या मी त्या म्हाताऱ्याच्या सुनेला दिल्या.

परतीच्या गाडीत हे खिडकीकडं तोंड करून बसले. परभणी आली तेव्हा, गाडी बदलायला उतरायच्या आधी, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आपानं सांगितलं असंल का गं मास्तरला?"

"सांगितलं असंल," मी म्हणाले. "न सांगून कसं चालंल?"

त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलली. मला काय ठाऊक होतं? आजही ठाऊक नाही.